मुंबईतील लहान जागेसाठी सफरचंदाचे झाड

भाजीपाल्याच्या जमिनीच्या तुकड्यात, सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवरच्या पिंपात मावेल अशा बेताने बुटक्या खुंटावर (कलमाचा मुळांकडचा खालचा भाग) कलम केलेले सफरचंदाचे झाड. उंची साधारण दीड ते साडेतीन मीटर. अशा झाडाची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : खुंट कोणता, वरची जात कोणती आणि परागीभवनासाठी सोबतीला दुसरे झाड आहे की नाही. मुंबईत त्याआधी चौथा प्रश्न उभा राहतो, तो थंडीचा.

सफरचंदाचा रानटी पूर्वज कझाकस्तानातील थ्येन शान पर्वताच्या उतारांवरचा. थंड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जायचे आणि वसंतात फुलायचे, ही त्याची मूळ सवय. लहान तुकड्यात ते लावण्याची रीत मात्र युरोपातली. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने शहरी कष्टकऱ्यांना भाजीपाल्यासाठी भाड्याने जमिनीचे तुकडे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर पक्की झाली. तिथला पारंपरिक तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा. मोठे झाड लावले तर त्याची सावली शेजाऱ्याच्या कोबीवर पडते, म्हणून अनेक ठिकाणच्या नियमांत फक्त बुटक्या खुंटावरच्या फळझाडांना परवानगी असते. लहान सफरचंदाविषयीचे बहुतेक सल्ले याच परिस्थितीतून आलेले आहेत आणि मुंबईत ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मुंबईत अशा तुकड्यांशी मिळतीजुळती जागा म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारे रुळांकाठचे भाजीचे वाफे. ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना या पट्ट्या भाड्याने दिल्या आणि तिथे पालक, मेथी, माठ, मुळा, भेंडी पिकत आली. तिथे झाड लावण्यात अर्थ नाही. जागेचा ताबा कायमचा नसतो, वर विजेच्या तारा असतात आणि सफरचंदाला पहिले फळ धरायलाच दोन ते चार वर्षे लागतात. म्हणून मुंबईकराच्या दृष्टीने हा विषय गच्ची, तळमजल्याची मागची पट्टी आणि सोसायटीचे आवार यांच्यापुरता उरतो.

थंडीचा हिशेब

सफरचंदाच्या फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. हिवाळा लागला की ते सुप्तावस्थेत जातात आणि ठरावीक काळ थंडी मिळाल्यावरच जागे होतात. हा काळ तासांत मोजतात. जुन्या आणि सोप्या पद्धतीत ० ते ७.२ अंश सेल्सिअस या दरम्यान गेलेला प्रत्येक तास धरला जातो. डेलिशस गटातल्या जातींना असे ८०० किंवा त्याहून अधिक तास लागतात.

सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे. ही नोंद २२ जानेवारी १९६२ ची. म्हणजे मुंबईच्या नोंदीतल्या सर्वांत थंड रात्रीसुद्धा पारा त्या रेषेच्या खाली उतरला नाही. या पद्धतीने मोजले तर मुंबईच्या खात्यात थंडीचे तास शून्य. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा ५ अंशांखाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यामुळे पठारावरच्या एखाद्या शेतकऱ्याने सफरचंद पिकवल्याचे वाचून अंधेरीच्या गच्चीवर तेच होईल असे समजणे धोक्याचे आहे.

थंडी न मिळालेले झाड मरत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. ते जगते, पण गोंधळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकसाथ फुटायच्या ऐवजी फांद्यांचा मधला भाग उघड्या काठ्यांसारखा राहतो, टोकाला मात्र पानांचा झुपका येतो. फुले आलीच तर आज दोन, पंधरा दिवसांनी चार, अशी. मालक खत वाढवतो, झुपका आणखी हिरवा होतो आणि फळाचा पत्ता नसतो. अशा झाडाला औषधपाण्याचा उपयोग नाही. ज्या जातीला एवढी थंडी लागतच नाही, तीच मुळात आणायला हवी.

जाती

कमी थंडीच्या जातींमध्ये दोन नावे जगभर पुढे येतात. ‘ॲना’ ही इस्राएलमधल्या एन शेमेर या वसाहतीत तयार झालेली जात. तिच्या जनकांपैकी एक गोल्डन डेलिशस. तिला दोनशे-तीनशे तास पुरतात. फळ लांबट, पिवळ्यावर लाल झाक असलेले. ‘डॉर्सेट गोल्डन’ बहामा बेटांवरच्या नॅसाऊची. नॅसाऊ हे समुद्रसपाटीचे, दमट, उबदार बंदर असल्याने मुंबईकराला हा तपशील महत्त्वाचा वाटला पाहिजे. तिची गरज शंभर तासांच्या आसपास सांगितली जाते. या दोघी साधारण एकाच वेळी फुलतात आणि एकमेकींचे परागीभवन करतात, त्यामुळे सगळीकडे त्यांची जोडीच लावतात.

तिसरे नाव आपल्याकडचे. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी सुमारे १,८०० फूट उंचीवर, म्हणजे सफरचंदाच्या नेहमीच्या पट्ट्याच्या बरेच खाली, ‘एचआरएमएन-९९’ ही जात जोपासली. घरामागे टाकलेल्या बियांतून उगवलेले एक रोप त्यांनी हेरले आणि त्याची कलमे केली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. या जातीची फळे जूनच्या सुमारास, म्हणजे नेहमीच्या सफरचंदाच्या खूप आधी तयार होतात. ही वेळ मुंबईच्या सोयीची आहे, कारण पावसाची झड लागायच्या आत फळ उतरवता येते. नाशिक, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत काही शेतकऱ्यांनी तिची लागवड केली आहे. मात्र बिलासपूरचा हिवाळा मुंबईपेक्षा कितीतरी कडक असतो, हे विसरून चालत नाही. ‘४५ अंशांत पिकणारे सफरचंद’ अशी जाहिरात उन्हाळ्याबद्दल बोलते. मुंबईत अडचण हिवाळ्याची आहे.

रोपवाटिकेत ‘ॲपल’ म्हणून ॲपल बोरही हातात पडू शकते. ते बोर आहे, पानांची पांढुरकी खालची बाजू पाहिली की ओळखू येते.

खुंट

झाड किती वाढणार हे वरच्या जातीपेक्षा खालचा खुंट ठरवतो. एकच ॲना एका खुंटावर माणसाएवढी राहील, दुसऱ्यावर पहिल्या मजल्याची खिडकी गाठेल. कोकणात आंब्याची कोयकलमे पाहिलेल्याला कलम नवे नाही, पण तिथे खुंट म्हणजे मिळेल त्या कोयीचे रोप. सफरचंदात खुंटांनाच नावे आणि क्रमांक आहेत. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपभरचे बुटके खुंट गोळा करून, त्यांची सरमिसळ निवडून त्यांना क्रमांक देण्यात आले. ‘एम’ हे अक्षर मॉलिंगचे. पुढे मर्टन इथल्या जॉन इन्स संस्थेबरोबर लोकरी मावा या किडीला दाद न देणारे खुंट पैदा केले, ते ‘एमएम’.

एम २७ सर्वांत बुटका, जेमतेम दीड ते पावणेदोन मीटर. पण तो नाजूक आहे, माती सकस नसली तर जागचा हलत नाही. एम ९ अडीच-तीन मीटरचा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळ देणारा, हिमाचल-काश्मीरच्या सघन बागांत आता मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा. त्याची मुळे ठिसूळ असतात आणि त्याला जन्मभर काठीचा आधार लागतो. जूनच्या पहिल्या वादळी सरीत आधार नसलेले झाड आडवे झालेच समजा. एम २६ त्याहून थोडा उंच. एमएम १०६ चार मीटरपर्यंत जातो आणि कणखर म्हणून त्याची शिफारस सर्रास होते. मुंबईत ती डोळे झाकून मानू नये : पाणी साचलेल्या जमिनीत बुंध्याशी होणाऱ्या कुजीला हा खुंट लवकर बळी पडतो, आणि सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एमएम १११ दणकट आहे, पण लहान जागेच्या व्याख्येत बसत नाही.

पिंपासाठी एम ९ किंवा एम २६ आणि जमिनीत लावायचेच तर उंचवट्यावर एम २६, असा निर्णय बहुतेकांना पुरेसा ठरावा. खरी अडचण ही की मुंबईच्या सामान्य रोपवाटिकेत खुंटाचे नाव विचारले तर उत्तर मिळत नाही. मग हाताने तपासावे. बुंध्यावर मातीपासून वीतभर उंचीवर किंचित बाक आणि गाठ दिसली पाहिजे, तो कलमाचा सांधा. सांध्याच्या वर आणि खाली सालीचा पोत थोडा वेगळा असतो. गाठ कुठेच नसेल तर ते बियांचे रोप : त्याचे फळ कसे निघेल सांगता येत नाही, आणि ते यायला सहा ते दहा वर्षे जाऊ शकतात. फ्रीजमधल्या सफरचंदाच्या बिया कुंडीत रुजतात, कारण फ्रीजने त्यांना लागणारी थंडी दिलेली असते. झाडाला ती सोय नसते.

लावताना हा सांधा मातीच्या वर किमान चार बोटे राहिला पाहिजे. मातीखाली गेला तर वरची जात स्वतःची मुळे सोडते आणि बुटका खुंट असून नसल्यासारखा होतो. दर वर्षी वरून खताची माती टाकणाऱ्यांकडून हा प्रकार नकळत घडतो. सांध्याच्या खालून येणारे फुटवे दिसताच काढावेत.

सोबत

सफरचंदाच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. जोडी हवी, आणि दोघांचा फुलोरा एकाच वेळी यायला हवा. ब्रिटनमध्ये शेजारच्या तुकड्यातले झाड हे काम करते. मुंबईत शेजारी सफरचंद असण्याची शक्यता नाही, म्हणून दोन झाडे लावावीत किंवा एकाच खुंटावर दोन जाती बांधलेले कलम मागवावे. गच्ची लहान असेल तर दुसरा मार्ग बरा. मधमाश्या उंच मजल्यावरही येतात. न आल्या तर मऊ कुंचल्याने पराग फिरवता येतो.

बहार धरणे

थंडीच मिळत नसेल तर झाडाला झोपूच द्यायचे नाही, ही युक्ती इंडोनेशियात वापरली जाते. पूर्व जावातल्या बातू आणि मलंगच्या डोंगराळ भागात फळे उतरवल्यावर काही आठवड्यांत झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडतात आणि फांद्या आडव्या बांधतात. डोळे सुप्तावस्थेत जाण्याआधीच फुटतात आणि वर्षात दोनदा पीक मिळते. डाळिंबाचे पाणी तोडून ताण देणाऱ्या, पानगळ करून हस्त किंवा आंबे बहार, म्हणजे हव्या त्या हंगामाचा फुलोरा, धरणाऱ्या सोलापूरच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही.

मुंबईत हा प्रयोग करायचा तर पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर. नोव्हेंबरअखेर पाणी हळूहळू कमी करावे. डिसेंबरमध्ये पाने एकेक करून देठाच्या बाजूने, डोळ्याला धक्का न लावता खुडावीत. उभ्या फांद्या सुतळीने पिंपाच्या कडेला ओढून जवळपास आडव्या कराव्यात, मग खत-पाणी पुन्हा सुरू करावे. चार-पाच फुटांच्या झाडाला हे काम एका सकाळचे आहे, आणि बुटका खुंट निवडण्याचे मुंबईपुरते सर्वांत मोठे कारणही हेच : तीन मीटरच्या वरची पाने शिडी लावून कोण खुडणार? बातू समुद्रसपाटीपासून बरेच उंच आहे आणि तिथल्या रात्री गार असतात, ही त्रुटी इथे भरून निघत नाही. गार रात्रींअभावी फळावर लालीही नीट चढत नाही.

जागा, वजन, परवानगी

निम्मा कापलेला निळा प्लास्टिकचा पिंप हे मुंबईच्या गच्चीवरचे सर्वमान्य भांडे. तळाला भोके, त्यावर विटांचे तुकडे, मग लाल माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. शंभर लिटरचा पिंप पावसात भिजला की दीडशे किलोच्या घरात जातो. तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईवर किंवा खांबाजवळ, विटांवर उचलून ठेवावा, म्हणजे खालचा ब्रिकबॅट कोबा (गच्चीचा पाणी अडवणारा थर) वाळत राहतो. वरच्या मजल्याचे छत गळू लागले की पहिला संशय झाडांवरच येतो, त्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी.

आवारात जमिनीत लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. मुंबईची बरीच जमीन भरावाची आहे, फूटभर खाली डेब्रिज लागते आणि पाणी मुरत नाही. खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर तिथे सफरचंद नको, किंवा दीड फुटाचा उंचवटा करावा. दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरातले झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुम्हीच लावलेले असो. इमारत पुनर्विकासात जाणार असल्याची कुजबुज असेल तर पिंपच बरा, तो टेम्पोत चढतो.

रोगकिडींत पिठ्या ढेकूण आणि बुंध्याची कुज यांचा त्रास सर्वांत जास्त. पोपटांना पिकण्याची वाट पाहायची सवय नाही, म्हणून फळ लिंबाएवढे झाले की कापडी पिशवी बांधावी. बोरिवली, मुलुंड, ठाणे या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या भागांत माकडांपुढे पिशवीचाही इलाज चालत नाही.

पर्याय

फळ खायचे हा हेतू असेल तर मुंबईच्या लहान जागेत सफरचंद पहिल्या पसंतीचे झाड नाही. अंजीर, पेरूचे कलम, कागदी लिंबू आणि वसई पट्ट्यात जोमाने येणारा पांढरा जाम ही झाडे पिंपात कमी नखऱ्यात फळतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे कलम छाटून आटोपशीर ठेवता येते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन हिवाळ्यात भरते. तिथे अशा फळझाडांची वाढ प्रत्यक्ष पाहून मग ठरवता येते. सफरचंदच हवे असेल, तर हिमाचलातली रोपे झोपेत असताना, डिसेंबर ते फेब्रुवारीत, मुळे उघडी ठेवून पाठवली जातात. तेव्हा खुंटाचे आणि जातीचे नाव चिठ्ठीवर लिहून देणाऱ्याकडूनच मागवावे. रोप हाती येताच मुळे तासभर पाण्यात ठेवून त्याच दिवशी लावावे. मुंबईच्या हवेत ती लवकर सुकतात.