काका म्हणाले, ड्रॉप्सने काही फरकच पडत नाही

आमचे काका सहकारनगरला राहतात, वय ६८, अजून स्कूटर चालवतात. गेल्या वर्षी स्वारगेटच्या चौकात डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही, थोडक्यात वाचले आणि वर रिक्षावाल्यालाच झापून आले. मग नंबर काढायला गेले तर डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. काकूंना ऐकू आलं मोतीबिंदू, म्हणाल्या पिकू दे, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू. खूप जणांचा इथेच घोळ होतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदललं की झालं. काचबिंदूत नस जाते, आणि गेलेली नस आजतरी कुणी परत आणून देत नाही.

ही नस म्हणजे काय, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गँग्लिऑन नावाच्या पेशी असतात, एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख, प्रत्येकीची एक बारीक तार निघते ती थेट मेंदूपर्यंत जाते. सगळ्या तारांची जुडी म्हणजे नस. जुडी डोळ्यातून बाहेर पडते तिथे एक चाळणी असते, तिच्या भोकांतून तारा ओवलेल्या असतात, आणि खरी गडबड होते ती या चाळणीपाशी.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होतं (अश्रू नाही हां, ते बाहेरचे), मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निघून जातं. खडकवासल्यासारखंच, आवक चालू आणि विसर्ग कमी तर पातळी वाढणारच. फरक इतकाच की धरण भरलं की अख्खं पुणं भजी खायला तिकडे जातं, इथे ज्याचा डोळा त्यालाही पत्ता नसतो. नॉर्मल प्रेशर १० ते २१ मिमी पारा धरतात. ते वाढलं की चाळणी मागे वाकते आणि तारा चेपतात. आता या तारा म्हणजे नुसती वायर नाही, त्यातून दोन्ही बाजूंनी मालवाहतूक चालते, मेंदूकडून येणारी बीडीएनएफसारखी प्रोटीन्स पेशीला जगायला लागतात. घाटात दरड कोसळल्यावर ट्रक अडकतात ना, तसं होतं, आणि माल न पोचलेली पेशी शेवटी स्वतःच स्वतःला संपवते. त्यात आजूबाजूच्या मदतनीस पेशी पण चवताळतात आणि नुकसान आणखी वाढवतात.

दुखत नाही, आणि आधी जाते ती कडेची नजर. काळे डाग वगैरे दिसत नाहीत, मेंदू रिकामी जागा बेमालूम भरून टाकतो, एका डोळ्याचं दुसरा झाकतो. फिल्ड टेस्टमध्ये (कडेचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी) दोष दिसेपर्यंत पाव ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. म्हणून काका 'मला पेपर स्वच्छ वाचता येतो' म्हणत होते ते खरंच होतं.

पण प्रेशर म्हणजेच काचबिंदू असंही नाही, १५ प्रेशरवर पण नस जाते काहींची, चाळणी नाजूक असेल किंवा नसेचा रक्तपुरवठा कमी पडत असेल. त्यामुळे नुसतं प्रेशर मोजून 'ओके' म्हणवून घेऊ नका, बाहुली मोठी करून नस बघायला सांगा.

उपाय? सिद्ध झालेला एकच, प्रेशर कमी करणं. अमेरिकेत प्रेशर जास्त पण नस चांगली अशा १६०० वर लोकांचा अभ्यास झाला, २००२ साली निकाल आला. ५ वर्षांत ड्रॉप्स न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांत ४.४. ड्रॉप्समधलं लॅटानोप्रोस्ट हे औषध पाण्याचा विसर्ग वाढवतं, टिमोलॉल आवक कमी करतं (दमा असेल तर आधी सांगा). थेंब टाकून डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबायचा, नाहीतर औषध घशात. लेसर आणि ऑपरेशन पण आहे. पेशींना थेट वाचवणारं औषध शोधतायत, मेमँटीन मोठ्या ट्रायलमध्ये फेल गेलं. २०१७ मध्ये उंदरांवर बी३ जीवनसत्त्वाचा चांगला परिणाम दिसला, माणसांवरचं काम चालू आहे, पण म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नका, मोठ्या डोसने लिव्हरला त्रास होऊ शकतो. मनाने आणलेले स्टिरॉइड ड्रॉप्स तर नकोच, त्यानेच प्रेशर चढतं. आणि पुण्यात हे बोलायला भीती वाटते पण बोलतो, शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, काचबिंदू असेल तर ते सोडा.

काकांनी दोन महिन्यांत ड्रॉप्स बंद केले, म्हणे काही फरकच पडत नाही. डॉक्टर म्हणाले, फरक पडू नये म्हणूनच तर देतोय. आता काकू रात्री साडेनऊला स्वतः टाकतात.

सख्ख्या भावंडांना धोका जास्त म्हणून बाबांना नेलं. प्रेशर १७ आलं, मी सुटलो म्हणून हसलो, पण नस जरा शंकास्पद आहे, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. आता माझाही नंबर लागलाय. काकांनी स्कूटर विकली नाहीये, फक्त स्वारगेटकडून जात नाहीत.