स्पर्धक उत्पादकांमधील सहकार्य : आर्थिक प्रेरणा

एकाच ग्राहकासाठी झुंजणारे उत्पादक संशोधन, सुटे भाग, पेटंट किंवा तांत्रिक मानके एवढ्यापुरते एकत्र येतात आणि विक्रीत प्रतिस्पर्धीच राहतात, अशी व्यवस्था. तिच्या मुळाशी सौहार्द क्वचितच असते. असतो तो हिशेब.

सर्वांत ठळक प्रेरणा स्थिर खर्चाची. साचे, जोडणीची यंत्रणा आणि चाचण्या यांवरचा खर्च किती नग काढले यावर फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे दोघांनी तो वाटून घेतला की नगामागचा बोजा उतरतो. टोयोटा आणि पीएसए (प्यूजो-सित्रोएन) यांनी झेक प्रजासत्ताकातील कोलीनच्या कारखान्यात २००५ पासून आयगो, १०७ आणि सी१ या तीन छोट्या मोटारी एकत्र काढल्या. वार्षिक क्षमता सुमारे ३ लाख. विकास व उत्पादन टोयोटाने सांभाळले, पुरवठादारांकडून खरेदी पीएसएने. दिवे, बंपर, बोधचिन्ह वेगळे. आतला सांगाडा एकच. खरी कसोटी ही सीमा आखण्याची असते. ज्या गुणावरून ग्राहक निवड करतो तोच सामायिक केला, तर फरक उरतो फक्त किमतीचा, आणि वाचलेला पैसा दर पाडण्यात जातो.

पेटंटांची कोंडी हे दुसरे कारण. १८५० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्राची मूलभूत पेटंटे अनेकांच्या हाती विखुरलेली होती. एकाने यंत्र विकले की दुसरा दावा ठोके. १८५६ मध्ये सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर आणि एलियास हाउ यांनी पेटंटे एकत्र केली व इतरांना यंत्रामागे १५ डॉलर घेऊन परवाने दिले. खटल्यांचा खर्च थांबला, वर उत्पन्न सुरू झाले.

मानकयुद्धाची, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन तांत्रिक मानकांच्या झुंजीची, भीतीही तितकीच प्रभावी. डीव्हीडीच्या १९९५ मधील समझोत्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवण्याची रचना तोशिबा गटाची राहिली, तर संकेतन (माहिती चकतीवर खुणांच्या रूपात नोंदवण्याची पद्धत) सोनी-फिलिप्सचे आले. त्यापायी क्षमता ५ वरून ४.७ गिगाबाइटवर उतरली. तरी दोघांनी ते पत्करले. पुढच्या पिढीच्या चकत्यांबाबत असे जमले नाही आणि सोनी गटाच्या ब्लू-रेशी झुंजणारी आपली एचडी डीव्हीडी तोशिबाला २००८ मध्ये गुंडाळावी लागली.

दगा देण्याचा मोह मात्र कायम असतो. समजा, सहकार्यात दरवर्षी नफा १०, दगा दिलेल्या वर्षी १८ आणि नंतर कायम ४. अशा वेळी पुढच्या वर्षीच्या नफ्याचे आजचे मोल किमान ८/१४, म्हणजे सुमारे ०.५७ पट असेल, तरच करार टिकतो. बुडीत चाललेली किंवा धंदा सोडू पाहणारी कंपनी म्हणूनच धोक्याची भागीदार. तिला ‘पुढचे वर्ष’ नसते. करारात लेखापरीक्षण, बाहेर पडण्याचा दंड आणि गुपितांच्या मर्यादा लिहिल्या जातात त्या याचसाठी.

दर, उत्पादनाचे प्रमाण किंवा बाजारपेठेची वाटणी यांवर बोलणे झाले की ते संगनमत ठरते. पण तांत्रिक चर्चाही घसरू शकते. डिझेल मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या अ‍ॅडब्लू द्रावणाच्या टाक्यांचा आकार डाइमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन गटाने आपसांत ठरवला व कायद्याच्या किमान अटीपलीकडे चढाओढ टाळली. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये त्याबद्दल एकूण सुमारे ८७.५ कोटी युरो दंड केला. डाइमलरला तो माफ झाला, कारण बिंग त्यांनीच फोडले होते.