टाकीतलं दूध आणि थेंबभर शेंगतेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या लेथच्या, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनच्या, टाकीत डोकावलं, तर आत दूध भरलंय असं वाटतं. हे कुलंट, म्हणजे धातू कापताना कापणाऱ्या हत्यारावर (टूलवर) सोडायचा द्रव: पाण्यात साधारण पाच टक्के खनिज तेल आणि दोघांना धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ. तो नसता तर मिसळीच्या कटावर येतो तसा तवंग आला असता.

सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला या दुधाचा खरा रंग कळतो. मशीनच्या स्लाइडवरून गळलेलं तेल टाकीवर पसरून बसलेलं असतं. खाली हवा पोचत नाही, हवेविना जगणारे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्यात रोज हात बुडवणाऱ्यांच्या कातडीला खाज सुटते, ते वेगळंच.

पण कुलंटशिवाय भागत नाही. टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली, तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, हे फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९०७ सालीच लिहून ठेवलंय. पाणी थंड करतं, तेल घर्षण कमी करतं.

या दुसऱ्या कामात वनस्पती तेल सरस ठरतं. त्याच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. जोडाच्या जागी असलेला ऑक्सिजन धातूला चिकटतो आणि शेपट्या बाहेर उभ्या राहतात, जणू पृष्ठभागावर गवत उगवावं तसं. खनिज तेलाला धातूची अशी ओढ नसते. दाब वाढला की ते सरकतं, म्हणून त्यात गंधक, क्लोरीनची संयुगं घालावी लागतात. जुने फिटर टॅप मारताना, म्हणजे भोकात आटे पाडताना, ब्रशने खोबरेल किंवा शेंगतेल लावत, ते काही उगाच नाही.

मग टाकीच शेंगतेलाने का भरू नये? कढईच्या कडेला बसणारा पिवळा चिकट थर आठवा. शेपट्यांमधल्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन हल्ला करतो, तेल खवट होतं, घट्ट होतं. शिवाय जे तेल ओढ्यात सांडलं तर जिवाणू लवकर पचवतात, तेच टाकीतही पचवतात. गुण तोच, अवगुणही तोच.

माझ्या मते यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे टाकीच काढून टाकणं. दाबाखालच्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब नेमके टूलच्या टोकावर सोडायचे. एरवी मिनिटाला कित्येक लिटर कुलंट वाहतं. इथे तासाला १० ते १०० मिलिलिटर तेल पुरतं. साठाच नाही, तर कुजणार काय?

तेल मात्र निवडून घ्यावं लागतं. खोबरेल टिकाऊ, पण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीतल्या कोल्हापुरी सकाळी नळी तुंबलीच म्हणून समजा. एरंडेल चिवट, पण फारच दाट. शेंगतेल मधलं, आणि २५० अंशांपर्यंत तरी पेट घेत नाही. खाण्याचं तेल मशीनला घालायचं का, हा प्रश्न उरतोच. म्हणून खाण्यात न येणाऱ्या करंजाच्या तेलाकडेही पाहावं.

हे सगळीकडे चालत नाही. खोल ड्रिलिंगमध्ये उष्णता आणि चिप्स, म्हणजे धातूचा कापलेला चुरा, बाहेर काढायला धारच लागते. ग्रे कास्ट आयर्नमध्ये तर ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं, त्यामुळे ते बऱ्याचदा कोरडंच कापतात. स्टीलचे शाफ्ट, अ‍ॅल्युमिनियमचे जॉब इथे थेंबांचा उपयोग जास्त.

आणखी एक फायदा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्यांना, लगेच पटेल. कुलंटने भिजलेल्या चिप्स भट्टीत टाकल्या की वाफ आणि धूर उसळतो, म्हणून आधी त्या वाळवाव्या लागतात. थेंबांवर कापलेल्या चिप्स जवळपास कोरड्याच निघतात.