विदर्भ राज्याची मागणी

महाराष्ट्राच्या पूर्वेकडील अकरा जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य व्हावे, ही मागणी. नागपूर विभागातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली आणि अमरावती विभागातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे ते जिल्हे होत. क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २.३ कोटी. विधानसभेच्या २८८ पैकी ६२ आणि लोकसभेच्या ४८ पैकी १० जागा या भागात आहेत. देशातली बरीच राज्ये भाषेच्या नावाने मागितली गेली. इथे मात्र एकाच भाषेचे लोक वेगळे होऊ म्हणतात, आणि त्यांची तक्रार अस्मितेपेक्षा हिशेबाची अधिक आहे.

हा प्रदेश मुळातच दोन तुकड्यांचा. पूर्वेकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी १८५४ मध्ये ते खालसा केले. पश्चिमेकडचे वऱ्हाड निजामाचे. ते १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये त्यांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढे दोन्ही तुकडे मध्य प्रांत व वऱ्हाड या एका प्रांतात आले, पण त्या प्रांतात हिंदी भाषक जिल्ह्यांचे बळ मोठे होते. वऱ्हाडातल्या कापसाचा महसूल तिकडे खर्च होतो, ही ओरड तेव्हाचीच. म्हणजे ‘आमचा पैसा दुसरीकडे जातो’ हे गाऱ्हाणे मुंबईशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी या प्रांताच्या कायदेमंडळाने मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव संमत केला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्र झाल्यास त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, आणि ते जमले नाही तर महाविदर्भ वेगळा व्हावा, अशी ती तडजोड होती. तिचे पुढे काहीच झाले नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचा ठरला तो २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. पश्चिम महाराष्ट्राकडून भाऊसाहेब हिरे व यशवंतराव चव्हाण, विदर्भाकडून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आदींनी त्यावर सह्या केल्या. मराठवाड्याचे प्रतिनिधीही होते. अकरा कलमांच्या या करारात विकासनिधी, सरकारी नोकऱ्या आणि व्यावसायिक शिक्षणातील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे ठरले. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ असावे, सरकारने ठरावीक काळ तिथे मुक्काम हलवावा आणि वर्षातून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे घ्यावे, हेही त्यातच. विदर्भवादी आजही प्रत्येक भाषणात हा करार काढतात. पण तो पुढाऱ्यांमधला करार होता, कायदा नव्हे. तो पाळला नाही म्हणून न्यायालयात जाता येत नाही, ही त्यातली पहिल्यापासूनची उणीव.

दरम्यान फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला आणि तेव्हाच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस केली. लोकनायक बापूजी अणे यांच्यासारख्या नेत्यांनी आयोगापुढे तशी बाजू मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर त्याच वर्षी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. एका राज्यात एक भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, ही त्यांची भूमिका होती. दिल्लीने यातले काही ऐकले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. जुन्या मध्य प्रांताचा आता मध्य प्रदेश झाला होता; त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि प्रांताची राजधानी म्हणून वाढलेले नागपूर शहर एका रात्रीत उपराजधानी झाले. ज्या शहरात सचिवालय, विधिमंडळ आणि स्वतःचे उच्च न्यायालय होते, त्या शहराला हे किती लागले असेल हे बाहेरच्याला चटकन उमगत नाही.

नागपूर करारातले डोळ्यांना दिसणारे कलम म्हणजे हिवाळी अधिवेशन. डिसेंबर जवळ आला की मुंबईहून फायलींच्या पेट्या येतात, रविभवन आणि आमदार निवासाला रंग लागतो, सिव्हिल लाइन्समधले रस्ते गुळगुळीत होतात. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, धनगर, हलबा असे एकामागून एक मोर्चे येतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठिकाणी कठड्यांपाशी अडवले जातात. मग एखादे मंत्री येऊन निवेदन घेतात. संत्री, हुरडा आणि सावजी जेवणाच्या पार्ट्यांमुळे या मुक्कामाला ‘सहल’ म्हणण्याची नागपूरकरांना सवय झाली आहे. अधिवेशन बहुधा दोन आठवड्यांतच गुंडाळले जाते. २०२० आणि २०२१ मध्ये तर करोनाच्या काळात ते मुंबईतच झाले.

मतपेटीत ही मागणी कधी जोरात, कधी निपचित राहिली. १९६२ मध्ये बापूजी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. त्यानंतरचा काळ जांबुवंतराव धोटे यांचा. विदर्भाला वेगळे कृषी विद्यापीठ हवे, या आंदोलनातून त्यांचे नेतृत्व उभे राहिले. अकोल्याचे विद्यापीठ १९६९ मध्ये मिळाले. काळी दाढी, करडा आवाज आणि सभागृहात पेपरवेट भिरकावण्यापर्यंत जाणारा संताप, यामुळे ‘विदर्भवीर’ ही पदवी त्यांना शोभली. १९७१ मध्ये ते फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपूरचे खासदार झाले. पुढे तेच धोटे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि चळवळीची धार गेली. नंतर वसंत साठे, एन. के. पी. साळवे यांनी मागणीला पाठिंबा दिला, बनवारीलाल पुरोहितांनी स्वतंत्र पक्ष काढून पाहिला, शरद जोशींची शेतकरी संघटना आणि वामनराव चटप यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने ती रेटली. फक्त विदर्भाच्या नावावर उभ्या राहिलेल्या पक्षाला मात्र मतदाराने कधी डोक्यावर घेतले नाही.

चळवळीला नवे बळ दिले ते ‘अनुशेष’ या संकल्पनेने. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीला जो जिल्हा कमी पडतो त्याची तूट रुपयांत मोजली. १९८४ च्या अहवालात ही तूट एकूण ३,१८६ कोटी रुपये निघाली. तिच्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के होता. घोषणा देणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदाच सरकारी आकडा आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती. ती मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. निधीवाटपाबाबत राज्यपालांनी निर्देश द्यायचे आणि खर्च सरकारने दुसरीकडे वळवायचा, असा खेळ मधल्या काळात बराच चालला. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये नव्याने मांडणी केली, तीही वादात सापडली.

सिंचनाचे उदाहरण गोसीखुर्दचे. वैनगंगेवरील या धरणाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते १९८८ मध्ये झाले. मूळ अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढे खर्च हजारो कोटींत गेला, प्रकल्प राष्ट्रीय ठरला, पाणी साठले, गावे उठली, पण कालव्यांचे जाळे तीन दशकांनंतरही अपुरेच राहिले. दुसऱ्या बाजूला वीज. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, शिवाय कोराडी आणि खापरखेडा. कोळसा आमचा, राख आमच्या अंगणात, वीज मात्र राज्यभर, हा विदर्भवाद्यांचा युक्तिवाद श्रोत्यांना लगेच पटतो.

विरोधकांचा सवालही खोडून काढणे सोपे नाही. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे मुख्यमंत्री विदर्भातलेच. वसंतराव तर अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते आणि दांडेकरांनी मोजलेल्या तुटीचा काही भाग त्यांच्याच कारकिर्दीतला. मग दोष मुंबईचा किती आणि विदर्भाच्या पुढाऱ्यांचा किती? शिवसेनेने अखंड महाराष्ट्राच्या भूमिकेतून मागणीला कायम कडवा विरोध केला. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला छोट्या राज्यांच्या बाजूने ठराव केला. पण २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाले तेव्हा युतीतल्या मित्रपक्षापुढे विदर्भाचे नाव मागे पडले. काँग्रेसची तऱ्हाही निराळी नव्हती : विरोधात असताना आठवण, सत्तेत आल्यावर विसर. २०१६ मध्ये बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना मराठवाड्याच्या वेगळेपणाबद्दल बोलल्यावरून महाधिवक्तापद सोडावे लागले. त्याआधी विदर्भासाठी सार्वमत मागूनही त्यांनी वाद ओढवून घेतला होता.

कायद्याची वाट तशी अवघड नाही. अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्य विभागू शकते. विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने नकार देऊनही २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले. उलट उत्तर प्रदेश विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये स्वतःहून चार तुकड्यांचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला. तेलंगणात विद्यापीठांमधून रस्त्यावर उतरलेली तरुण पिढी होती. विदर्भात मागणीचा भार बराच काळ वकील, संपादक, प्राध्यापक आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी वाहिला.

शिवाय विदर्भाच्या पोटात आणखी एक रेषा आहे. सिंचनाची तूट मुख्यतः अमरावती विभागातली, चळवळीचे केंद्र मात्र नागपूर. वऱ्हाडी माणसाला नागपूरचा हिंदी-मराठी मिसळलेला बाज आणि तिथल्या पुढाऱ्यांचा वरचष्मा नेहमीच रुचतो असे नाही. गडचिरोलीतल्या गोंड आणि माडियांचे प्रश्न तर दोघांच्याही भाषणात क्वचितच येतात. बुलढाण्याला छत्रपती संभाजीनगर जेवढे पडते, त्याच्या दुपटीहून लांब नागपूर आहे, आणि नव्या राज्यात राजधानी कुठे असावी हे तिथल्या माणसाला अजून कोणी विचारलेले नाही.