शरीरशास्त्राचा धडा रुग्णाच्या खाटेपाशी कसा आला

वैद्यकाच्या किंवा परिचर्येच्या पहिल्या वर्षात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवताना आता बहुधा एखादा रुग्णच प्रश्न म्हणून समोर ठेवला जातो. दोन दिवस जुलाब होत असलेल्या माणसाची नाडी जलद पण क्षीण आहे, हातपाय गार आहेत, रक्तदाब उतरला आहे आणि लघवी जवळजवळ थांबली आहे. हे सारे का घडते ते विद्यार्थ्याने सांगायचे असते. उत्तर थोडक्यात देता येते. पाणी आणि क्षार निघून गेल्याने रक्ताचे आकारमान घटते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात, आणि मेंदू व हृदय यांचा पुरवठा टिकावा म्हणून त्वचेच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आकसतात. या दोन-चार ओळींमागे मात्र दोन हजारांहून अधिक वर्षांचा खटाटोप आहे, आणि त्यातला बराचसा काळ शोध लागण्यात नव्हे, तर लागलेला शोध रुग्णापर्यंत पोहोचण्यात गेला.

माणसाचे शव प्रत्यक्ष पाहून शिकावे ही जाणीव जुनी आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस यांनी मानवी विच्छेदन केले होते. मृतदेह सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, नंतर तो घासून थराथराने पाहावा, अशी पद्धत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे, आणि शल्यकर्म करणाऱ्याला हे ज्ञान हवेच असा तिचा आग्रह आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याला मात्र माकडे, डुकरे आणि बैल यांच्यावरच भागवावे लागले. धमन्यांत हवा नसून रक्त असते हे त्याने दाखवून दिले, ही त्याची मोठी कामगिरी होय. पण रक्त यकृतात सतत तयार होते, अवयवांत खर्च होते आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून पलीकडे झिरपते, हे त्याचे मत सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. नाडीचे बारीकसारीक प्रकार ओळखणारे वैद्य या काळात पुष्कळ होऊन गेले, तरी ती नाडी नेमकी कशाची खूण आहे, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

तेराव्या शतकात इब्न अन-नफीस याने त्या पडद्यात छिद्रे नाहीत आणि रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जाते असे स्पष्ट लिहून ठेवले होते, परंतु ते लिखाण विसाव्या शतकापर्यंत विस्मृतीतच राहिले. युरोपात 1543 साली व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ आला आणि गेलेनचे वर्णन अनेक ठिकाणी माणसाचे नसून प्राण्यांचे आहे, हे उघड झाले. पादुआत फॅब्रिशियसने शिरांतल्या झडपांचे तपशीलवार वर्णन केले, मात्र त्या कशासाठी आहेत हे त्याला उलगडले नाही. ते त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 साली उलगडले, आणि माझ्या मते शरीरक्रियाशास्त्राची खरी सुरुवात त्याच्या साध्या हिशेबात आहे. दर ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजार ठोके मोजले, तर ते रक्त 14-15 किलो भरते. एवढे रक्त शरीरात मुळातच नसते, अन्नातून इतक्या वेगाने ते तयारही होऊ शकत नाही; म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणारा दुवा हार्वेला दिसला नव्हता. त्या केशवाहिन्या 1661 साली माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

इतके कळूनही रुग्णाच्या उपचारात फारसा फरक पडला नाही. शिरा उघडून रक्त काढण्याची प्रथा पुढे दोन शतके चालूच राहिली. स्टीफन हेल्सने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त काचेच्या उभ्या नळीत 8 फुटांहून वर चढते असे दाखवले आणि 1733 साली ते प्रसिद्ध केले, पण माणसाच्या धमनीत अशी नळी कोण घालणार? दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे रिव्हा-रोचीचे उपकरण 1896 साली आले, आणि पट्टा सैल होताना धमनीवर ऐकू येणारे आवाज कोरोत्कोव्हने 1905 साली वर्णन केले, तेव्हा कुठे वरचा आणि खालचा असे रक्तदाबाचे दोन आकडे रुग्णाच्या नोंदीत येऊ शकले.

अभ्यासक्रमाची कथाही अशीच आहे. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1910 च्या फ्लेक्सनर अहवालानंतर आधी दोन वर्षे प्रयोगशाळा आणि मग दोन वर्षे रुग्णालय अशी विभागणी रूढ झाली. तिने शिक्षणाला शिस्त आणली, पण विद्यार्थ्याला रुग्ण दिसेपर्यंत पहिल्या वर्षाचे बरेचसे पुसले जाई. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने 1952 साली विषयांऐवजी अवयवसंस्थांनुसार शिकवायला सुरुवात केली, आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 पासून रुग्णाची समस्या हीच अभ्यासाची सुरुवात मानली.

वर दिलेल्या जुलाबाच्या रुग्णाचा इतिहास यात विशेष बोलका आहे. कॉलऱ्याच्या रुग्णांच्या रक्तातले पाणी आणि क्षार घटलेले असतात, हे ओशॉनेसीने 1831-32 मध्ये तपासून दाखवले आणि 1832 साली थॉमस लॅटाने क्षारयुक्त पाणी थेट शिरेत दिले. मरणासन्न रुग्ण त्याने क्षणभर सावरत, पण त्यांतले बरेच पुन्हा खालावून दगावत, आणि ती पद्धत मागे पडली. जाणारे पाणी मोजून तितकेच सतत भरत राहावे लागते, ही समज आणि निर्जंतुक द्रावणे या दोन्ही गोष्टी तेव्हा नव्हत्या. 1960 साली रॉबर्ट क्रेनने आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच शिरतात अशी कल्पना मांडली. कॉलऱ्यात ही वाट शाबूत राहते, म्हणून तोंडाने दिलेले द्रावणही शोषले जाते, हे 1968 साली ढाक्यातील रुग्णांवर दिसून आले. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी एक लिटर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणातले द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावले, आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याच रुग्णाबाबत शेवटचा प्रश्न विचारला जातो, तो असा: नुसते पाणी न देता त्यात ग्लुकोज का घालायचे?