सॉकेटात बसला म्हणजे चालला असं नाही

वॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या जागी काचेची निर्वात नळी) वापरणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज दबला की बहुतेक जण थेट ब्रँडच्या वादात शिरतात. रशियन बरा, चिनी बरा की स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचा? त्याआधी जुना वॉल्व्ह नीट बघावा. काचेला आतून एक चकचकीत चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा ‘गेटर’, आत उरलेला वायू शोषून घेणारा. तो पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली आणि वॉल्व्ह संपला. काचेवर निळसर झाक दिसली तर बहुधा काळजी नको. मात्र आतली धातूची प्लेट लालभडक झाली तर आधी स्विच बंद करायचा, मग बाकीचा विचार.

पॉवर वॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा मोठा वॉल्व्ह, घेताना खरी फसगत होते. ईएल३४ आणि ६एल६जीसी हे दोन प्रकार, दोन्ही आठ पिनांचे, एकाच सॉकेटात बसतात. पण ईएल३४ च्या हीटरला (वॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात, ६एल६जीसीला ०.९. ६एल६जीसीच्या जागी चार ईएल३४ लावले की ट्रान्सफॉर्मरवर २.४ अँपिअरचा जादा भार, आणि तो बिचारा तापत बसतो. शिवाय ईएल३४ ची तिसरी ग्रिड (आतली जाळी) पिन क्रमांक १ वर असते आणि ती कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला, जोडलेली हवी. ६एल६साठी बांधलेल्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६एल६ला न लागणाऱ्या या मोकळ्या पिनेवर भलताच रेझिस्टर टेकवलेला असतो.

वॉल्व्ह त्याच जातीचा आणला, तरी फिक्स्ड बायस (वॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणारा, वेगळा पुरवलेला व्होल्टेज) असेल तर तो पुन्हा लावावाच लागतो. ईएल३४ ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. प्रचलित ठोकताळ्याप्रमाणे ७० टक्के धरले तर १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर साधारण ३९ मिलिअँपिअर. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन वॉल्व्ह आळीपाळीने काम करतात त्या रचनेत, जोडीतल्या दोघांचा प्रवाह जवळपास सारखा हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकाच बाजूने चुंबकित होतो आणि बास बिघडतो. म्हणून ‘मॅच्ड’, म्हणजे मोजून जुळवलेल्या, जोडीला पैसे मोजायचे. कॅथोड बायसवाले (कॅथोडवरच्या रेझिस्टरने बायस आपोआप ठरवणारे) अ‍ॅम्प्लिफायर हे बरंचसं स्वतःच सांभाळून घेतात. मोजमाप करायचं तर माहीतगाराकडूनच. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो.

छोट्या वॉल्व्हमध्ये इतकी जोखीम नाही, पण गंमत तीच. १२एएक्स७ (युरोपात ईसीसी८३) चा वर्धनांक १००, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २०. पिना तिघांच्या सारख्याच. त्यांची अदलाबदल केली की गेन (आवाज किती पट वाढतो ते) तर बदलतोच, पण आजूबाजूचे रेझिस्टर ज्या प्रवाहासाठी निवडलेत तोही चुकतो. मला विचाराल तर चार पैसे जास्त घालायचे ते पहिल्या टप्प्याच्या वॉल्व्हवर. तिथली किंचितशी खरखर पुढचे सगळे टप्पे मोठी करत नेतात. चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यावर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटानाद आला तर तो वॉल्व्ह पुढच्या टप्प्यात ढकला किंवा परत करा.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना वॉल्व्ह हाती लागला तर अवश्य घ्या. मात्र खोक्यावरच्या छपाईवर नव्हे, टेस्टरवरच्या आकड्यावर भाव ठरवा.