संकेतस्थळांच्या मांडणीतील हस्तलिखित वळणाचे फॉन्ट

संकेतस्थळावरील शीर्षक, बोधवाक्य, अवतरण किंवा एखादी छोटी टीप हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत दाखवण्याची पद्धत. असे फॉन्ट ‘डिस्प्ले’ गटात मोडतात, म्हणजे ते मोठ्या आकारात आणि मोजक्या शब्दांसाठी घडवलेले असतात. बॉलपेन, कटनिब, ब्रश, खडू अशा साधनांप्रमाणे त्यांचे वळण बदलते. सलग मजकुरासाठी मात्र ते सहसा निरुपयोगी ठरतात. अक्षरे तिरकी, अरुंद आणि एकमेकांत गुंतलेली असल्याने लहान आकारात ती ओळखायलाच वेळ लागतो.

वेबवर ही शैली प्रथम रुळली ती कॉमिक सॅन्समुळे. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी हा फॉन्ट आखला, तो एका कार्टून कुत्र्याच्या संवादाच्या फुग्यांसाठी. 1996 पासून मायक्रोसॉफ्टने वेबसाठी मोफत दिलेल्या फॉन्टसंचात तो आला आणि मग गंभीर सूचनांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे दिसू लागला. त्याची पुढे भरपूर थट्टा झाली. दोष फॉन्टपेक्षा जागा चुकवणाऱ्यांचा होता.

इतर कुठलेही हस्तलिखित वळण हवे असेल तर तेव्हा शीर्षकाचे चित्र बनवून लावत. असा मजकूर निवडता येत नसे, शोधात सापडत नसे आणि पर्यायी मजकूर दिला नसेल तर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर गप्प बसे. एक वेलांटी सुधारायची तरी नवे चित्र करावे लागे. पानासोबत फॉन्ट पाठवण्याची ‘फॉन्ट-फेस’ ही सोय पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत होती, पण ती सर्वत्र चालू लागली 2008-09 च्या सुमारास, सफारी आणि फायरफॉक्सने तिला जागा दिल्यावर. टाइपकिट (2009) आणि गूगल फॉन्ट्स (2010) या सेवांनी निवड सोपी केली. वॉफ हे खास वेबसाठीचे संकुचित रूप 2012 मध्ये आणि त्याहून आटोपशीर वॉफ-2 हे 2018 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेची अधिकृत शिफारस बनले.

या फॉन्टची खरी कसोटी पुनरावृत्तीत लागते. माणूस ‘काका’ लिहितो तेव्हा दोन्ही ‘का’ थोडे वेगळे उतरतात. फॉन्टमध्ये ते तंतोतंत सारखे येतात आणि हस्ताक्षराचा आभास तिथेच संपतो. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपे ठेवतात, आणि ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपातील संदर्भानुसारी पर्यायांची सोय शेजार पाहून त्यांची अदलाबदल करते. अक्षर खालीवर सरकवणे, काना जरा लांबवणे एवढ्यानेही बराच फरक पडतो. स्वस्तात बनवलेल्या फॉन्टमध्ये नेमके हेच नसते. खरेदीपूर्वी तपासायला एकच अक्षर दोनदा येणारा एखादा शब्द टाइप करून पाहणे पुरते.

देवनागरीत अडचण आणखी वाढते. हाताने लिहिताना शिरोरेषा बहुधा शब्द झाल्यावर एका झटक्यात ओढतात. ती किंचित चढते, मधेच तुटते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा सोबत आणते आणि हे तुकडे सांध्यावर एकाच उंचीला भेटावे लागतात. त्यामुळे रेषेचा मोकळेपणा आवरता घ्यावा लागतो. शिवाय जोडाक्षरे धरून अक्षररूपांची संख्या शेकड्यांत जाते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’ या खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन मिळून सुमारे हजार रूपे आहेत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी तरतूद असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. फाइल हलकी करण्यासाठी नको ती अक्षरे गाळताना जोडाक्षरांचे नियम गळले, तर ‘दऱ्या’ आणि ‘स्त्री’ पाय मोडून पडतात.

मांडणीच्या सूचनाही जपून द्याव्या लागतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की जोडलेल्या वळणाच्या कड्या सुटतात आणि देवनागरीची शिरोरेषा चिरफाळते. अंतर बदलल्यावर ब्राउझर ऐच्छिक जोडरूपेही बंद करतात. रोमनमधील जोडवळणात सगळी मोठी अक्षरे वापरणे म्हणजे वाचकाचा अंत पाहणे. ओळींतले अंतर आवळले तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या मात्रेत घुसतो. लांब शेपटीची अक्षरे आपल्या चौकटीबाहेर झेपावतात, त्यामुळे चौकटीबाहेरचा भाग लपवणारी सूचना दिली असेल तर शेपटी छाटली जाते.

निवडलेला फॉन्ट मिळाला नाही तर पर्यायी फॉन्ट म्हणून सीएसएसमधील ‘कर्सिव्ह’ हे सामान्य नाव देतात. त्यावर विसंबणे धोक्याचे: विंडोजवर बहुधा कॉमिक सॅन्स येतो, अँड्रॉइडवर डान्सिंग स्क्रिप्ट, तर मॅकवर ॲपल चॅन्सरी. खडबडीत कडांच्या ब्रशफॉन्टमध्ये बाह्यरेषेचे बिंदू भरमसाट असतात आणि फाइल फुगते. ती येईपर्यंत शीर्षक कोरे दिसावे की साध्या फॉन्टमध्ये, हे ‘फॉन्ट-डिस्प्ले’ या गुणधर्माने ठरवता येते. साध्या फॉन्टची रुंदी फार वेगळी असेल तर अदलाबदलीच्या क्षणी पानच हलते.

सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार (एए पातळी) नेहमीच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 आणि मोठ्या आकाराच्या मजकुराला 3:1 इतकी उजळपणाची तफावत लागते. नाजूक निबेच्या वळणात हे गणित कागदावर जमते, पण रेषाच इतकी बारीक की पडद्यावर ती फिकट पडते. तेथे निकषापेक्षा गडद रंग घ्यावा. अर्जातील रकाने, किमती, सूचना आणि चुकांचे संदेश यांत हे वळण वापरू नये.

परवाना हा वेगळा मुद्दा. संगणकावर वापरण्यासाठी विकत घेतलेला फॉन्ट संकेतस्थळावर चढवण्याची मुभा मिळतेच असे नाही. अनेक विक्रेते वेबसाठी निराळा परवाना देतात आणि काही जण तो पानांच्या भेटींच्या संख्येशी बांधतात. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखालील फॉन्ट वेबवर मोफत वापरता येतात, मात्र नाव राखीव ठेवलेले असेल तर बदललेली आवृत्ती त्याच नावाने वाटता येत नाही.